पडलेल्या वाड्याचा माग: पुण्याच्या पेठांत शोध कसा घ्यावा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: पणजोबा नारायण पेठेत, पत्र्या मारुतीच्या देवळाच्या परिसरातील एका वाड्यात भाडेकरू म्हणून राहत होते. १९६१च्या पुरात वाडा खचला, पुढे तो उतरवला गेला आणि आज तेथे चार मजल्यांची इमारत उभी आहे. घरात वाड्याचे एकही छायाचित्र नाही आणि मालकाचे आडनावही कोणाला खात्रीने आठवत नाही. तो वाडा नेमका कोठे होता, कोणी बांधला आणि कसा होता हे आज कळू शकेल का, आणि कळायचे असेल तर सुरुवात कोठून करावी?

बरेच काही कळू शकते. पुण्याच्या पेठांतील वाड्यांची नोंदणी आणि मोजणी हे माझे अनेक वर्षांचे काम आहे आणि त्यातून बसलेली खात्री आधीच सांगतो. इमारत पडते, जळते, वाहून जाते, परंतु तिच्याखालच्या मिळकतीची हद्द, तिच्याकडे जाणारा बोळ, कोपऱ्यावरचे देऊळ आणि पाण्याची वाट या गोष्टी सहसा जागच्या हलत नाहीत. म्हणून शोध वाड्याचा न घेता आधी जागेचा घ्यावा. जागा पक्की झाली की वाडा तुकड्यातुकड्याने सापडत जातो. जागा पक्की होण्याआधी गोळा केलेली माहिती मात्र शेजारच्या वाड्याची निघण्याचा धोका फार मोठा असतो.

अनेक जिज्ञासू मंडळी उत्साहाने थेट पेशवे दफ्तराकडे, म्हणजे पुणे पुराभिलेखागाराकडे वळतात. तेथील रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांत, मराठेशाहीचा अमाप कागद आहे यात शंका नाही. पण तो बहुतांशी मोडीत आहे, सरकारी कारभाराच्या रचनेप्रमाणे लावलेला आहे, आणि ज्याचा मूळ मालक व काळ आपल्याला ठाऊक नाही अशा साध्या वाड्याचा शोध तेथून सुरू करणे जवळजवळ अशक्य आहे. खानेसुमारीचे, म्हणजे घरांच्या व माणसांच्या मोजणीचे कागद, इनामांच्या नोंदी, घर बांधण्यासाठी दिलेल्या जागांचे हुकूम यांचा उपयोग होतो, पण तो शेवटच्या टप्प्यावर. आजच्या इमारतीपासून निघून एकेक पिढी मागे जाणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

पहिला कागद बहुधा घरातच असतो. पणजोबा भाडेकरू होते, त्यामुळे मिळकतीच्या नोंदीत त्यांचे नाव येणार नाही. परंतु भाडेपावती, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, जुनी लग्नपत्रिका, पोस्टकार्डावरचा पत्ता, विम्याचा हप्ता भरल्याची पावती यांपैकी एखाद्या कागदावर घर नंबर आणि पेठ असतेच. भाडेपावती मिळाली तर मालकाचे नावही मिळाले. येथे एक सावधगिरी बाळगावी. जुन्या कागदांवरचा ‘घर नंबर’ हा नगरपालिकेचा असतो, आणि तो नगर भूमापन कार्यालयाने मिळकतीला दिलेला सिटी सर्व्हे नंबर नव्हे. दोन्ही आकडे तीन अंकी असू शकतात आणि दोन्हींच्या मागे ‘नारायण पेठ’ असेच लिहिलेले असते. हे दोन आकडे एकच समजल्यामुळे चुकीच्या मिळकतीचा इतिहास आपला मानून बसलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. पावती कोणत्या काळातील आहे आणि आकडा कोणत्या कार्यालयाचा आहे हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

यानंतरची पायरी नगर भूमापन कार्यालयाची. आजच्या इमारतीच्या नामफलकावर, सोसायटीच्या कागदांत किंवा करपावतीवर सिटी सर्व्हे नंबर सापडतो. त्यावरून मिळकत पत्रिका काढावी, जिला सर्वजण प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. ती आता संगणकावरही मिळते, पण आपल्या कामासाठी कार्यालयातील जुनी हस्तलिखित पत्रिका आणि चौकशी नोंदवहीचा उतारा या दोन गोष्टी अधिक मोलाच्या आहेत. मूळ धारक कोण होता, त्याला हक्क कसा मिळाला, पुढे वाटणी, गहाण, खरेदी, वारसा यांच्या नोंदी कोणत्या साली झाल्या, हे या कागदांतून साखळीसारखे उलगडते. सोबत त्या भागाच्या नकाशाची प्रत घ्यावी. त्या नकाशावर मिळकतीचा आकार दिसतो, आणि हा आकार पुष्कळ बोलतो. पेठेतील वाड्यांच्या जागा बहुधा रस्त्यावर अरुंद आणि आत खोल असतात. शेजारी शेजारी दोन-तीन अरुंद पट्टे असतील आणि त्यांच्या मागच्या हद्दी एका सरळ रेषेत येत असतील, तर एका मोठ्या वाड्याच्या भाऊबंदकीत वाटण्या झाल्या असाव्यात असा तर्क करता येतो. तो खरा की खोटा हे वाटपपत्रावरून ठरते.

खरेदीखते आणि वाटपपत्रे यांतील चतुःसीमेचा मजकूर अत्यंत बारकाईने वाचावा. पूर्वेस सरकारी रस्ता, दक्षिणेस अमक्यांचा वाडा, पश्चिमेस सामाईक बोळ, उत्तरेस देवस्थानची भिंत, असा तो मजकूर असतो. एका मिळकतीच्या दस्तात शेजारच्या चौघांची नावे मिळतात आणि शेजारच्या दस्तात आपल्या वाड्याच्या मालकाचे नाव मिळते. आपल्या मिळकतीचा जुना दस्त गहाळ झाला असेल तेव्हा शेजाऱ्याचा दस्तच उपयोगी पडतो. पुष्कळ दस्तांत इमारतीचे वर्णनही असते: किती खण, किती मजले, पाण्याचा आड कोठे, संडासाकडे जाण्या-येण्याचा हक्क कोणाला. दोन खांबांमधील अंतराला खण म्हणत आणि वाड्याचे माप खणांत सांगत, हे ज्याला ठाऊक आहे तो अशा ओळीवरून दिवाणखान्याचा साधारण आराखडा कागदावर काढू शकतो.

आता ज्या कागदाकडे फार थोड्या लोकांचे लक्ष जाते त्याविषयी सांगतो. वाडा पाडून नवी इमारत बांधायची तर महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो, आणि त्या फायलीत पाडायच्या जुन्या बांधकामाचाही नकाशा असू शकतो. मंजूर नकाशांवर पाडावयाचे बांधकाम पिवळ्या रंगाने दाखवण्याची पद्धत आहे. त्या पिवळ्या रेषांत चौक, जिना, ओसरी, मागचे परसू, आडाचे वर्तुळ अशा गोष्टी कधी कधी मापांसह मिळतात. भाडेकरूंचे पुनर्वसन करायचे असेल तर कोण कोणत्या मजल्यावर किती जागेत राहत होता याची यादीही जोडलेली असते. ही फाइल माहितीच्या अधिकाराखाली मागता येते. अर्जात सिटी सर्व्हे नंबर आणि इमारत पूर्ण झाल्याचे अंदाजे साल द्यावे, कारण नुसत्या वाड्याच्या नावावरून फाइल शोधून मिळेल अशी अपेक्षा धरता येत नाही. वाडा साठच्या दशकात उतरवला गेला असेल तर फाइल न मिळण्याची शक्यता बरीच आहे, तरीही अर्ज करावाच.

इमारती का नाहीशा झाल्या याचाही अभ्यास करावा लागतो, कारण नाश कसा झाला यावर मागे काय उरले हे अवलंबून असते. आगीत लाकूड जाते, दगड राहतो. शनिवारवाडा हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. १७३० साली पाया घातलेला आणि १७३२ साली वास्तुशांत झालेला हा वाडा १८२८च्या आगीत जळाला. आज तटाच्या आत उघड्यावर दिसतात ती जोती, म्हणजे इमारतींचे दगडी चौथरे, कारंज्यांचे हौद आणि तळखडे, म्हणजे लाकडी खांब ज्यांवर उभे असत ते घडीव दगड. वाड्यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तेथे पाठवतो. तळखड्यांमधील अंतर पावलांनी मोजावे, जोत्यावर कोठे पायरी आहे ते पाहावे, चौकातील पाणी कोणत्या बाजूने बाहेर जात असेल याचा विचार करावा. त्यानंतर विश्रामबागवाड्यात जाऊन तेच तळखडे, खांब, तुळया आणि कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या व फळ्यांचे छत, एकमेकांवर कसे बसतात ते पाहावे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील हा वाडा १८७९च्या मे महिन्यातील आगीत काही अंशी जळाला आणि दुरुस्त होऊन टिकला. त्याच वेळी बुधवार पेठेतील बुधवारवाडा मात्र जळून गेला तो कायमचा. शनिवारवाड्यातील मोकळ्या जोत्यावर जे समजत नाही ते विश्रामबागेतील उभ्या खांबांपाशी समजते.

पुराची गोष्ट वेगळी आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचा बांध गेला, आणि मुठेचे पाणी नारायण, शनिवार, सदाशिव आणि कसबा या पेठांच्या नदीकडील भागात शिरले. पाण्याच्या लोंढ्याने काही वाडे त्याच दिवशी कोसळले. परंतु ज्यांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या होत्या असे अनेक वाडे पाणी ओसरल्यानंतर भिंती फुगून खचले आणि पुढील काही महिन्यांत उतरवले गेले. पेठेतल्या वाड्यात खालचा भाग दगडी, त्यावर काही अंतर पक्की वीट आणि वर मातीकाम, अशी रचना पुष्कळदा असे. त्यामुळे पाणी दगडी जोत्यावर किती चढले यावर वाड्याचे आयुष्य ठरले. आपल्या प्रश्नातील वाडा ‘खचला’ असे घरात सांगितले जाते, हा शब्द नेमका असेल तर वाडा दुसऱ्या प्रकारचा असावा. पुरानंतर विस्थापितांसाठी वसाहती आणि गृहरचना संस्था उभ्या राहिल्या. कुटुंबाला अशा ठिकाणी जागा मिळाली असेल तर त्या वाटपाच्या कागदांत पेठेतील मूळ पत्ता आहे का ते अवश्य पाहावे.

आणखी दोन कारणे आहेत, ज्यांना तारीख नाही. मुंबई सरकारच्या १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४०च्या पातळीशी बांधले गेले. पुढे महागाई वाढत गेली, भाडे तेथेच राहिले, मालकाला कौले परतणे परवडेना आणि भाडेकरूला घर सोडणे परवडेना. या कोंडीत पावसाने जितके वाडे पाडले तितके एखाद्या आगीने किंवा पुराने पाडले असतील असे मला वाटत नाही. दोन्ही बाजूंची अडचण खरी होती, म्हणून मालक किंवा भाडेकरू यांपैकी एकाला दोषी धरून लिहिलेल्या हकिकती मी जपून वाचतो. दुसरे कारण रस्तारुंदीचे. लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता, शिवाजी रस्ता आजच्या रुंदीला आले ते वाड्यांचे दर्शनी भाग कापून.

कापलेला वाडा ओळखण्याची एक खूण आहे. सामान्यतः दिंडी दरवाजातून आत शिरले की देवडी, म्हणजे पहारेकऱ्याची जागा लागते, मग चौक, चौकाच्या चारी बाजूंना सोपे, म्हणजे उघड्या पडव्या, आणि मागे माजघर. रस्त्यावरची भिंत ओलांडताच लगेच चौक लागला, किंवा चौकाच्या तीन बाजूंना सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब आहेत आणि रस्त्याकडच्या चौथ्या बाजूला साधी विटांची भिंत व लोखंडी गर्डर आहेत, तर पुढची पट्टी रस्त्यात गेली असे समजावे. अशा इमारती बाहेरून विसाव्या शतकातील दिसतात आणि लोक त्यांच्यावरून नजर काढून घेतात, पण आत दोनशे वर्षांपूर्वीची लाकूडकामे असू शकतात.

काळ ठरवताना ‘पेशवेकालीन’ हा शब्द पेठांत फार सैलपणे वापरला जातो. मंगलोरी कौले १८६५ नंतरची, कारण त्यांचा कारखानाच त्या सुमारास मंगळुरास सुरू झाला. पण छप्पर बदलता येते, म्हणून कौलांवरून खांबांचे वय ठरत नाही. कडीपाटाखाली लोखंडी गर्डर असेल तर त्याच्या अंगावर कारखान्याचे नाव उठवलेले आहे का ते विजेरी तिरकी धरून पाहावे. ‘डॉर्मन लाँग’ अशी इंग्रजी अक्षरे मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहेत, आणि ती दिसली की निदान तो मजला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा किंवा त्यानंतरचा मानावा लागतो. पातळ, रुंद विटा आणि त्यांच्या सांध्यांत भरलेला चुना जुन्या कामात दिसतो. महिरपी, केळफुले, खांबांचे कोरीव शिरोभाग यांवरून अंदाज बांधता येतो, पण सुतारांनी हीच घडण पेशवाईनंतरही कित्येक वर्षे चालू ठेवली आणि पाडलेल्या वाड्याचे खांब नव्या वाड्यात सर्रास बसवले जात. राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग आणून उभारलेले दालन आहे. ते पाहताना आपण सुटे भाग पाहत आहोत की मूळची जागा, हा भेद डोळ्यांसमोर राहतो, आणि तोच भेद पेठेतल्या प्रत्येक खांबापाशी ठेवावा.

पाण्याच्या व्यवस्थेकडे स्वतंत्रपणे पाहावे, कारण ती लुप्त वास्तूंचा सर्वांत विश्वासू नकाशा आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावातून शहरात दगडी नळ आणला गेला. त्यावर ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे हवा जाण्यासाठी ठेवलेली तोंडे होती आणि वाटेत सार्वजनिक हौद होते. मोठ्या वाड्यांना त्यातून पाणी जोडून दिलेले असे. आज साततोटी चौक, फडके हौद अशी नावे रोज तोंडात असतात. नळाची वाट नकाशावर रेखाटली की कोणत्या ओळीत मानाचे वाडे होते हे दिसू लागते. पेठेतल्या जवळजवळ प्रत्येक वाड्याशी जोडलेली भुयाराची कथाही बहुधा येथेच उलगडते. शनिवारवाड्यापासून पर्वतीपर्यंत भुयार असल्याचे सांगणारे पुष्कळ भेटतात. माणूस वाकून जाऊ शकेल असा नळ कोणीतरी खोदकामात पाहिलेला असतो, किंवा धान्याचे बळद आणि तळघर पाहिलेले असते, आणि त्याचे भुयार होते. सांगणाऱ्याला खोटे ठरवू नये. त्याने काय पाहिले, कोठे आणि कोणत्या खोदकामात, एवढे नीट लिहून घ्यावे, कारण नळाची एखादी अज्ञात शाखा अशाच कथेतून हाती येते.

जागा आणि साखळी हाती आल्यावर छापील साधनांकडे वळावे. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये शहराचे पेठवार वर्णन आहे. कोणत्या पेठेत कोणते लोक, कोणते वाडे, कोणती देवळे, हे त्यात सापडते. मात्र त्यात मोठ्या घराण्यांचेच वाडे येतात. सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग्रंथालयात शहराविषयीचे जुने लेख आणि वृत्ते आहेत, तेथे घराण्याच्या नावावरून शोध घ्यावा. जुन्या मासिकांच्या आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठामागे छापखान्याचा पत्ता घर नंबरासह छापलेला असतो. वाड्याच्या तळमजल्यावर छापखाना, खाणावळ, वैद्यांचा दवाखाना किंवा शाळेचे वर्ग असतील तर वृत्तपत्रांतील जाहिरातींत तो वाडा नावासकट येतो. चित्रांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. शनिवारवाड्यातील दरबाराचे प्रसिद्ध चित्र टॉमस डॅनियलने १८०५ साली, जेम्स वेल्सच्या रेखाटनांच्या आधारे पूर्ण केले. माणसांचे चेहरे आणि पेहराव यांसाठी ते अनमोल आहे, पण दालनाची मापे त्यावरून काढू नयेत.

आता माणसांकडे. वृद्धांना ‘वाड्याबद्दल सांगा’ असे विचारले तर गणपती, दिवाळी आणि एकोपा यांचे सुंदर वर्णन मिळते, पण वास्तू मिळत नाही. त्यांच्या हाती कागद-पेन्सिल द्यावी, दरवाजा कोणत्या रस्त्यावर होता ते दाखवायला सांगावे आणि मग एकेक प्रश्न विचारावा: सकाळचे ऊन कोणत्या खोलीत येई, नळ कोठे होता आणि तेथे रांग कोठपर्यंत लागे, जिना चढताना उजवा हात भिंतीला लागे की डावा, कपडे कोठे वाळत, रात्री दरवाजाची आगळ कोण लावी. घरातील स्त्रियांना आधी विचारावे. पाणी, चूल, अंधारे माजघर, परसातले न्हाणीघर यांची जागा त्यांना पावलागणिक पाठ असते, आणि त्याच खोल्या कागदपत्रांत सर्वांत कमी येतात. दोन व्यक्तींचे नकाशे एकत्र बसवून न काढता वेगवेगळे काढून घ्यावेत. जिथे ते जुळतात तो भाग पक्का धरावा, आणि जुळत नाहीत तेथे दोन्ही नोंदी तशाच ठेवाव्यात.

उभ्या वाड्यांत जाताना परवानगी घ्यावीच. पेठांतील पुष्कळ मिळकतींवर वाद चालू असतात आणि मोजपट्टी घेऊन आलेल्या माणसाकडे विकसकाचा माणूस म्हणून पाहिले जाणे स्वाभाविक आहे. आपण कोण, कशासाठी आलो आहोत आणि घेतलेली माहिती कोठे जाणार, हे सुरुवातीलाच सांगावे. महापालिकेने धोकादायक ठरवलेल्या वाड्यात पावसाळ्यात पाऊलही ठेवू नये. कोरीव तुकडा सुटा पडलेला दिसला तरी उचलू नये. त्याचे जागेवरचे छायाचित्र मोजपट्टीसह घ्यावे.

थांबून चालणार नाही याची जाणीव भिडे वाड्याने दिली आहे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा जेथे सुरू केली तो बुधवार पेठेतील वाडा वर्षानुवर्षे वादात अडकून जीर्ण झाला आणि डिसेंबर २०२३मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडला गेला. स्मारक व्हायलाच हवे. परंतु एवढ्या महत्त्वाच्या वास्तूचीही जर ही अवस्था, तर नाव नसलेल्या शेकडो वाड्यांची मापे कोण घेणार, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

आपल्या बाबतीत क्रम असा ठेवावा. या आठवड्यात घरातले कागद आणि सर्वांत वयस्क नातेवाइकांचे नकाशे. त्यानंतर आजच्या इमारतीचा सिटी सर्व्हे नंबर, मिळकत पत्रिका आणि चौकशी नोंदवहीचा उतारा, सोबत शेजारच्या दोन मिळकतींचेही उतारे. मग पत्र्या मारुतीपासून तो बोळ चालत जाऊन नकाशावरची प्रत्येक हद्द प्रत्यक्ष पाहावी. नव्या इमारतींच्या मागच्या कुंपणाची भिंत विशेष पाहावी, कारण वाडा पाडताना शेजाऱ्याशी सामाईक असलेली भिंत बहुधा तशीच ठेवतात आणि तिच्यात जुने कोनाडे, तुळयांची भोके आणि जिन्याच्या पायऱ्यांचा तिरका ठसा राहून जातो. तो सापडला तर त्याची जमिनीपासूनची उंची मोजून घ्यावी, आणि नातेवाइकांनी काढलेल्या नकाशातला जिना त्या भिंतीला लागून येतो का ते ताडून पाहावे.